रानभाजीची कृती लिहून घेताना

मृगाच्या सरी पडल्या की भिवपुरी, कर्जत, नेरळ या पट्ट्यातील बाजारांत ठाकर व कातकरी स्त्रिया शेवळांच्या जुड्या विक्रीस आणतात. जुडीसमवेत काकडाची हिरवी, आंबट-तुरट फळेही असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांमुळे घसा खवखवतो. काकडाच्या आंबटपणाने ही खाज कमी होते. विकणारीस ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की, कृती सांगताना ती उच्चारलीच जात नाही. ऐकणाऱ्याने सांगितले तेवढेच लिहिले, तर ते वाचून भाजी करणाऱ्या परगावच्या घरी सर्वांचे घसे धरतील आणि दोष मात्र भाजीला लागेल.

रानभाजी महोत्सवांच्या निमित्ताने पाककृतींच्या पुस्तिका निघतात. त्यांत 'अंदाजाने', 'चवीपुरते' हे शब्द फार. या बाबतीत कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे पुस्तक आजही पाहण्यासारखे आहे. घरोघरी असणारी वाटी व चमचा हीच मापे त्यांनी धरली, म्हणून नवशिक्या गृहिणीसही तराजूवाचून पदार्थ साधू लागला. तथापि वाटी रानभाजीस जशीच्या तशी लागू पडत नाही. टाकळ्याचा कोवळा पाला दाबून भरला तर एक माप, सैल भरला तर दुसरेच. आणि जुडी तर ज्या त्या हाताची निराळी.

यास्तव ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने वही घेऊन ओसरीवर न बसता चुलीपाशी बसावे. बाईच्या मुठीतील जिन्नस भांड्यात पडण्यापूर्वी वाटीत घेऊन मोजावा. शेवळांचे दांडे व काकडे गणून घ्यावीत. काय घातले याइतकेच काय टाकून दिले हेही महत्त्वाचे आहे. शेवळाच्या दांड्यावरील दाणेदार भाग निवडताना काढून टाकतात. हे काम बोलता बोलता होऊन जाते व वहीत येत नाही. सोललेला नमुना कच्च्या शेवळाशेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे वर्णनाची उणीव भरून निघेल. भाजीचे स्थानिक नाव बदलू नये. शास्त्रीय नाव जाणत्याकडून पडताळून मगच जोडावे. चुकीची वनस्पती पोटात जाणे ही थट्टेची बाब नव्हे.

पुस्तिका कोणाची, हा प्रश्न पुष्कळदा अवघड समजून टाळला जातो. वस्तुतः तो सोपा आहे. जिची कृती, तिचे नाव तिच्या संमतीने कृतीवर छापावे. लेखनिकाचे नाव शेवटी आले तरी चालते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नाची नोंद त्या समाजातूनच केली. बाहेरच्यास न दिसणारे पुष्कळ त्यामुळे कागदावर आले. वाडीवर लिहिता येणारी मुलगी असल्यास लेखणी तिच्याच हाती द्यावी.

मजकूर तयार झाल्यावर ही भाजी पूर्वी कधीही न केलेल्या एखाद्या स्त्रीस तो वाचून दाखवावा व तेवढ्यावरून भाजी करण्यास सांगावे. मूळ सांगणारीने जवळ बसावे, पण मध्ये बोलू नये. स्वयंपाक करणारी जेथे थांबून विचारील, तेथे वहीत खूण करावी व ती वाक्ये पुन्हा लिहावीत. शेवळांचा हंगाम अल्प असल्याने ही चाचणी जूनमध्येच उरकावी.