दुखतात बोटं, एक्स-रे छातीचा!

माझ्या मावशीला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस. सकाळी चहाचा कपही उचलवत नाही. डॉक्टर म्हणाले, टीएनएफ रोखणारं इंजेक्शन देऊ, पण आधी टीबीची तपासणी. मावशी वैतागली, "दुखतात बोटं आणि एक्स-रे छातीचा?"

तर ऐका. टीएनएफ म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. तो रिसेप्टरवर पोचला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी जागं होतं, सूज आणणारी जनुकं चालू होतात. आमवातात हा निरोप थांबतच नाही, सांधे झिजत जातात. पण फुप्फुसात दडलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवणारं पेशींचं कडंही याच निरोपावर टिकतं. निरोप तोडला की कडं ढिलं!

मावशीला छुपा टीबी निघाला. आता आधी त्याच्या गोळ्या, महिनाभराने इंजेक्शन. तोवर कप मी धरते.