📸 फोटो नीट, तर सल्ला नीट



गेल्या आठवड्यात ग्रुपवर द्राक्षाच्या पानाचा एक फोटो आला. भर दुपारच्या उन्हात काढलेला. पानावर पांढरं काहीतरी दिसत होतं, पण ती भुरी की डाऊनी, की नुसती उन्हाची चकाकी, हे सांगता येईना. परत फोटो मागवला. आला दुसऱ्या दिवशी, आणि तोही फक्त पानाच्या वरच्या बाजूचा. तिसऱ्या फोटोत पानाची खालची बाजू दिसली. डाऊनीच होती. यात दोन दिवस गेले.

मंडळी, गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर नाही. चुकीच्या फोटोवरून सल्ला दिला तर फवारणीचा खर्च वाया जातो, आणि फुलोऱ्यात डाऊनी घडावर गेली की माल हातचा जातो. म्हणून एवढं करा.

*आधी एकदाच करायची सेटिंग*
▪️ कॅमेरा उघडा, वरच्या चाकाच्या चिन्हावर दाबा. फोटोचा आकार 4:3 ठेवा.
▪️ एचडीआर ऑटोवर ठेवा. ब्युटी आणि फिल्टर बंद. फिल्टरमुळे पानाचा खरा रंग बदलतो.
▪️ फ्लॅश बंद. फ्लॅशने पान चमकतं आणि डाग पुसट होतात.

*फोटो काढताना*
1️⃣ लेन्स सुती कपड्याने पुसा. औषधाचे शिंतोडे, हाताचा घाम, खिशातली धूळ, निम्मे फोटो यानेच धुरकट येतात.
2️⃣ सकाळी काढा. दव असताना डाऊनीची पांढरी वाढ पानाच्या खालून स्पष्ट दिसते. ऊन चढलं असेल तर अंगाची सावली पूर्ण पानावर घ्या. अर्धं ऊन, अर्धी सावली नको.
3️⃣ पानामागे हाताचा तळवा किंवा गडद कापड धरा. नाहीतर कॅमेरा मागच्या तारेवर फोकस करतो आणि पान अस्पष्ट येतं.
4️⃣ फोन पानाला चिकटवू नका. साधारण एक वीत अंतर ठेवा आणि लागलं तर 2x झूम करा. त्याहून जास्त झूम केलं की फोटो फाटतो.
5️⃣ स्क्रीनवर डागावरच बोट टेकवा. चौकोन किंवा गोल दिसेल, शेजारी छोटा सूर्य येईल. पांढरं फार भडक दिसत असेल तर तो सूर्य खाली ओढा. मग फोटो काढा.
6️⃣ वाऱ्याने पान हलत असेल तर देठाजवळ धरा आणि तीन-चार फोटो काढा. त्यातला स्पष्ट तेवढाच पाठवा.

*टॅब वापरत असाल तर:* टॅब जड असतो, एका हाताने हलतो. दोन्ही हातांनी धरा, कोपरं अंगाला टेकवा. 2 सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा हिसका फोटोत येत नाही. पान धरायला घरातलं कोणी सोबत घ्या.

*चार फोटो पाठवा*
✅ पूर्ण प्लॉट
✅ एक पूर्ण वेल
✅ पानाची वरची बाजू
✅ पानाची *खालची* बाजू

डाऊनीत वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी वाढ दिसते. भुरी राखेसारखी, बहुतेक वरूनच दिसते. म्हणून चौथा फोटो विसरू नका. घडावर काही दिसलं तर त्याचाही वेगळा फोटो काढा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना वरचं एचडी बटण दाबा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की बारकावे जातात. सोबत लिहा: वाण, छाटणीला किती दिवस झाले, शेवटची फवारणी कोणती आणि कधी.

फोटो मोठा करून आधी स्वतः बघा. डागाची कड तुम्हाला दिसली तर आम्हालाही दिसेल. दिसली नाही तर वेलीपाशी उभे आहात तोवरच दुसरा काढा.

ज्यांना सेटिंग जमत नाही त्यांनी माल घेऊन केंद्रावर याल तेव्हा फोन दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. हा मेसेज घरातल्या पोरा-पोरींनाही दाखवा.

आपली,
कृषी सल्ला टीम 🍇