वृद्धाश्रम निवडताना इमारतीपेक्षा टाच पाहा

वृद्धाश्रम पाहायला जाणारे कुटुंब बहुधा आधी फोन करून, सुटीच्या दिवशी सकाळी जाते. फाटकातून आत गेल्यावर बाग दिसते, स्वच्छ देवघर दिसते. व्यवस्थापक चहा देतात, माहितीपत्रक देतात आणि दोन-तीन हसतमुख, चालते-फिरते आजी-आजोबा भेटतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांचे मत तयार होते. जी माणसे अंथरुणातून उठू शकत नाहीत, ज्यांना आपले दुखणे धड सांगता येत नाही, त्यांच्या खोलीकडे मात्र पाहुण्यांचे पाऊल क्वचितच वळते. वृद्धाश्रमाचा खरा दर्जा कळतो तो त्याच खोलीत.

याचे कारण साधे आहे. आज आपल्या पायांनी आत जाणारी आई आणखी चार-पाच वर्षांनी कदाचित त्याच खोलीत असेल. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्या लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. ती पुढे वाढतच गेली आहे. मुले परगावी किंवा परदेशी, घरात दोघेच म्हातारे किंवा त्यातलेही एकच उरलेले, ही परिस्थिती आता अपवाद राहिलेली नाही. वृद्धाश्रमाचा निर्णय घेणे म्हणजे आई-वडिलांना टाकणे, असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. पण तो निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा.

आरोग्यसेवेचा दर्जा कसा मोजावा, याची एक सोपी चौकट अवेडिस डोनाबेडियन या वैद्यकतज्ज्ञाने १९६६ मध्ये मांडली. त्यात तीन गोष्टी आहेत: साधने काय आहेत, काम प्रत्यक्षात कसे होते आणि त्याचा माणसावर परिणाम काय दिसतो. पाहुण्यांना दाखवली जाते ती फक्त पहिली गोष्ट. दुसरी आणि तिसरी आपण होऊन शोधावी लागते.

नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे

‘आमची संस्था रजिस्टर्ड आहे,’ असे सांगितले जाते तेव्हा ती कशाखाली, हे विचारावे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी संस्था कायदेशीर असल्याचे सांगते. तिथे रुग्णाची कूस वेळेवर बदलली जाते का, हे सांगत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांचा समावेश असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्या लोकसभेच्या मुदतीत ते मंजूर झाले नाही. त्यामुळे तपासणीचे बरेचसे काम कुटुंबालाच करावे लागते.

त्वचा खोटे बोलत नाही

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात अंथरुणाला खिळलेला वृद्ध दाखल झाला की डॉक्टर त्याला कुशीवर वळवून पाठ, माकडहाड, खुबे आणि टाचा पाहतात. एकाच जागी सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो. त्वचा आधी लाल पडते, बोटाने दाबली तरी तो लालसरपणा जात नाही. पुढे फोड येतो आणि मग हाडापर्यंत पोचणारी जखम होते. यालाच बेडसोर म्हणतात. तो टाळण्याचे उपाय जुने आणि स्वस्त आहेत: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, टाचा गादीवर टेकणार नाहीत अशी पोटरीखाली उशी ठेवणे आणि पुरेसा प्रथिनयुक्त आहार. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, माणूस लागतो. म्हणून टाचेवरची जखम बहुतेक वेळा मनुष्यबळाची कमतरता दाखवते.

परक्या माणसाचे पांघरूण उचलून पाहणे योग्य नाही. पण कूस बदलल्याची नोंद खाटेपाशी आहे का, ती त्या त्या वेळी भरलेली आहे की दिवसभराच्या खुणा एकाच पेनाने एकदम केल्या आहेत, हे दिसते. ‘सध्या इथे किती जणांना बेडसोर आहेत आणि त्यांतले किती इथे आल्यावर झाले?’ असा थेट प्रश्न विचारता येतो. चांगला व्यवस्थापक आकडा सांगतो. ‘आमच्याकडे कधीच होत नाहीत’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहेत, असे ड्रेसिंग चालू आहे’ हे उत्तर जास्त विश्वासाचे.

रात्रीचे दोन वाजले असताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६५ वर्षांवरील साधारण २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. रात्री लघवीला उठताना हा धोका मोठा असतो. झोपेतून एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यात दिवा बंद आणि फरशी ओली. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे स्वतंत्र चालणे कायमचे थांबते.

त्यामुळे बाथरूम स्वतः आत जाऊन पाहावे. कमोडच्या बाजूला घट्ट बसवलेला दांडा आहे का, तो हलवून पाहावा. खाट ते बाथरूम किती पावले, वाटेत उंबरठा आहे का, रात्रभर मंद दिवा असतो का, घंटा खाटेवरून हाताला येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री दोन वाजता किती कर्मचारी जागे असतात आणि त्यांच्याकडे परावलंबी माणसे किती? दिवसाची संख्या ऐकून समाधान मानू नये.

शांत वृद्ध नेहमीच समाधानी नसतो

दुपारी अकरा वाजता सगळेच झोपलेले आढळले तर औषधांबद्दल विचारावे. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रथम तयार केली, तीच मुळी तिथल्या वृद्धनिवासांतील लोकांसाठी. आजच्या सुधारित यादीत झोपेच्या अनेक गोळ्या तर आहेतच, पण सर्दीसाठी सहज दिल्या जाणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या काही जुन्या गोळ्याही आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मानसिक आजाराची काही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. अशी औषधे कधी कधी लागतात. पण ती डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने, ठरावीक मुदतीसाठी. रात्रपाळीला त्रास नको म्हणून नव्हे.

हातपाय बांधण्याचेही तेच. सोय म्हणून बांधून ठेवणे किंवा औषधाने गुंगवणे याविरुद्ध अमेरिकेने १९८७ मध्येच कायदा केला. खाटेचे उंच कठडेदेखील निर्धोक नाहीत. गोंधळलेला माणूस त्यावरून चढायला जातो आणि अधिक उंचीवरून पडतो.

मधुमेहींबाबत एक प्रश्न जरूर विचारावा: इन्सुलिन दिल्यावर जेवण किती वेळात मिळते, आणि एखाद्याने जेवण नाकारले तर काय करतात? मूत्रपिंडे थकलेल्या वृद्धांमध्ये साखर कमी झाली की घाम, थरथर दिसेलच असे नाही. माणूस फक्त गप्प होतो, झोपाळू दिसतो आणि ‘आज आजी शांत आहेत’ असे समजून वेळ निघून जातो.

पाणी, ताट आणि वजनकाटा

वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते. पाण्याचा तांब्या खोलीच्या कोपऱ्यात असणे आणि पेला हाताच्या अंतरावर असणे यात फरक आहे. ज्यांना हाताने पेला धरता येत नाही, त्यांना दिवसातून किती वेळा कोण पाणी पाजते, हे विचारावे. लघवीची नळी केवळ कपडे ओले होतात म्हणून घातलेली असेल तर ती जंतुसंसर्गाला निमंत्रण आहे.

जेवणाच्या वेळी मुद्दाम जावे. आडवे झोपवून भरवले जात असेल तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. माणसाला ताठ बसवून, सावकाश भरवून, नंतरही अर्धा तास बसते ठेवावे लागते. आणि दर महिन्याच्या वजनाची नोंदवही मागावी. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किंवा सहा महिन्यांत सहा किलो वजन आपोआप घटले तर ते गंभीर लक्षण आहे. तिथे वजनकाटाच नसेल तर निष्कर्ष आपल्याला काढता येतो.

आग, साथ आणि करार

१ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील ज्येष्ठांच्या निवासाला आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. अंथरुणावरची माणसे वरच्या मजल्यावर असतील तर लिफ्ट बंद असताना त्यांना खाली कसे आणणार? अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यायचे असते. ताजे प्रमाणपत्र पाहायला मागावे. साथीच्या वेळी आजारी माणसाला वेगळे ठेवायला खोली आहे का, हेही विचारावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना करोनाची लागण झाली होती.

करारातील एक कलम बारकाईने वाचावे. अनेक ठिकाणी स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो. पुढे पक्षाघात झाला, स्मृतिभ्रंश वाढला तर तिथेच ठेवणार, की महिन्याच्या मुदतीत घेऊन जायला सांगणार? रुग्णालयात कोण नेणार, सोबत कोण थांबणार, अनामत रक्कम कशी परत मिळणार, हे सारे लेखी हवे.

प्रवेशानंतरची जबाबदारी

ज्यांनी तिथे राहायचे आहे, त्यांचे मत आधी विचारावे आणि शक्य असेल तर आठ-पंधरा दिवस राहून पाहू द्यावे. जागा बदलली की काही वृद्ध गोंधळतात, रात्रीचे जागतात. त्या काळात घरच्यांचे येणे-जाणे अधिक हवे. पुढेही भेटीची वेळ आधी न कळवता, कधी संध्याकाळी, कधी आडवारी जावे. भेटीत पेढ्यांचा पुडा देऊन निघू नये. मोजे काढून टाचा पाहाव्यात, नखे पाहावीत, चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र जागेवर आहे का ते पाहावे, औषधांची यादी ताडून पाहावी. आणि थोडा वेळ दोघांनीच बोलावे. कर्मचारी शेजारी उभा असताना तक्रार तोंडातून निघत नाही.

काही खटकले तर आधी व्यवस्थापकाशी लेखी बोलावे. उत्तर मिळाले नाही तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे जाता येते; ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही मोफत आहे. मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल तर थेट पोलिसांकडे जावे.

आणि ज्याला भेटायला कोणीच येत नाही, अशा शेजारच्या खाटेवरच्या माणसाचीही जाता जाता चौकशी करावी. त्याचा पेला रिकामा असेल तर भरून हाताशी ठेवावा. कोणीतरी बाहेरून येऊन पाहते आहे, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असले की त्या खोलीतल्या सगळ्यांचीच काळजी जरा बरी घेतली जाते.