सतरा वर्षं, आठ महिने

अठराव्या वाढदिवसाला चार महिने बाकी असताना केलेला गुन्हा 'मुलाचा' धरायचा की मोठ्या माणसाचा? पोर्शे प्रकरणानंतर कँटीनपासून कोर्टापर्यंत रंगलेल्या वादाच्या निमित्तानं...

तीनशे शब्द म्हणजे नक्की किती? शाळेत 'माझा आवडता ऋतू' लिहायला लागायचे, साधारण तेवढे. वहीची दोन पानं, मोठ्या अक्षरात लिहिलं तर तीन. मे २०२४ मध्ये अख्ख्या पुण्याला, मग अख्ख्या देशाला हा हिशोब तोंडपाठ झाला होता.

शनिवारची रात्र संपून १९ मेचा रविवार सुरू झाला होता. पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये नंबरप्लेट नसलेल्या पोर्शेनं एका बाइकला उडवलं. बाइकवरचे दोघंही २४ वर्षांचे. एक मुलगा, एक मुलगी. दोघं मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले इंजिनीअर्स. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच, वीकेंडला मित्रांसोबत जेवून उशिरा घरी निघालेले. दोघंही गेले. गाडी चालवणारा होता १७ वर्षं ८ महिन्यांचा. त्याआधी तो पार्टी करून आला होता. (महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ आणि हार्ड ड्रिंक्सला २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, हे तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं!) त्याच दिवशी बालन्याय मंडळानं त्याला जामीन दिला. अटींमध्ये एक अट अशी की, रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा.

त्या सोमवारी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणालाच चहा गोड लागला नाही. "गाडी चालवताना मोठा, दारू पिताना मोठा आणि शिक्षेच्या वेळी बाळ? सरळ आत टाका आणि चावी फेकून द्या," टेस्टिंगवाला आमचा एक सहकारी टेबलावर हात आपटून म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. तेव्हा मला विचारलं असतं तर कायदा त्याच संध्याकाळी बदलायला हवा, असंच मी म्हटलं असतं.

नंतर मात्र मी जरा वाचायला बसले, आणि मामला दिसतो तितका सरळ नाही हे लक्षात यायला लागलं.

पुढे काय झालं?

निबंधावरून गहजब झाल्यावर २२ मेला मंडळानं आपला आदेश बदलला आणि मुलाची रवानगी येरवड्याच्या निरीक्षणगृहात झाली. मधल्या काळात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना आणि मुलाच्या आई-वडिलांना अटक झाली. २५ जूनला मुंबई हायकोर्टानं मुलाला सोडायला सांगितलं. एकदा जामीन दिल्यावर तो रद्द न करता मुलाला असं डांबून ठेवता येणार नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. निबंधाचा आदेश देणाऱ्या मंडळाच्या दोन सदस्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं घरी पाठवलं. खरी गंमत (गंमत कसली म्हणा) झाली १५ जुलै २०२५ ला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा, ही पुणे पोलिसांची मागणी मंडळानं फेटाळली.

कारण काय, तर व्याख्या. २०१५च्या बालन्याय कायद्यात गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. १६ ते १८ वयाच्या मुलाला प्रौढांसारखं कोर्टात उभं करता येतं ते फक्त तिसऱ्या पायरीसाठी. आणि ती पायरी ठरते 'किमान' शिक्षेवरून, म्हणजे ज्या गुन्ह्याला निदान सात वर्षं कैद सांगितली आहे तोच निर्घृण. खून आणि बलात्कार यात बसतात. सदोष मनुष्यवधाला मात्र जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण भारतीय दंड संहितेत त्याला किमान शिक्षाच नव्हती. म्हणून तो बसत नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत किमान पाच वर्षं घातली आहेत. तरी दोन वर्षं कमीच!

हे काही पुण्याच्या मंडळानं मनानं काढलेलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समध्ये अगदी अशीच घटना घडली होती. मर्सिडीज, चालवणारा अठराव्या वाढदिवसाच्या अवघे काही दिवस अलीकडे, आणि रस्ता ओलांडणारा ३२ वर्षांचा तरुण ठार. त्याच्या बहिणीनं सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. ९ जानेवारी २०२०च्या निकालात कोर्टानं सांगितलं की कायद्यात फट आहे, पण ती बुजवणं संसदेचं काम आहे, आमचं नाही. संसदेनं २०२१ मध्ये ती बुजवली खरी, पण कशी? असे सगळे गुन्हे मधल्या, 'गंभीर'च्या पायरीवर टाकून. म्हणजे कायदा करणाऱ्यांचं लक्ष नव्हतं, असं म्हणायची सोय राहिली नाही. त्यांनी विचार करून ही मुलं बालन्याय मंडळाकडेच ठेवली. आणि मंडळ जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. बस्स.

रागातून आलेला कायदा

मुळात २०१५चा कायदा आला कुठून? १९८६च्या कायद्यात मुलगा १६ पर्यंत 'बाल' असायचा, मुलगी १८ पर्यंत. २००० मध्ये दोघांनाही १८ केलं. मग १६ डिसेंबर २०१२ ची ती दिल्लीतली बस. सहा आरोपींपैकी एक सतरा वर्षांचा. न्या. वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्येच वय कमी करायला नकार दिला होता, पण रस्त्यावरचा राग काही शमत नव्हता. त्या मुलाला तीन वर्षं मिळाली आणि २० डिसेंबर २०१५ ला तो बाहेर आला. निर्भयाचे आई-वडील रस्त्यावर उतरले. सुटका रोखा म्हणून सुप्रीम कोर्टात धाव घेतली गेली, पण कायद्यातच तरतूद नाही म्हटल्यावर कोर्ट तरी काय करणार? २२ डिसेंबरला, सुटकेनंतर दोनच दिवसांनी, राज्यसभेत नवा कायदा पास झाला.

या कायद्यात एक तरतूद आहे आणि कँटीनमधल्या आमच्यापैकी एकालाही ती माहीत नव्हती. निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्या मुलाला २१ वर्षांचा होईपर्यंत तुरुंगात नाही, तर 'सुरक्षित स्थळी' ठेवतात. २१ पूर्ण झाले की बाल न्यायालय तपासतं: हा सुधारलाय का? समाजात सोडण्याजोगा आहे का? उत्तर 'नाही' असेल तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात. फाशी नाही आणि कधीच सुटका नसलेली जन्मठेपही नाही, पण दहा-पंधरा वर्षं आत राहणं शक्य आहे. म्हणजे 'धोकादायक मुलांना आत ठेवणारा कायदा हवा' असं आपण ओरडतो, तेव्हा तो अर्धाअधिक आधीच लिहिलेला असतो.

मूल की मोठा, ठरवणार कोण?

आता दुसरी बाजू. प्रौढ म्हणून खटला चालवायचा की नाही, हे ठरवायला मंडळानं मुलाची 'प्राथमिक पाहणी' करायची असते: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. तीन महिन्यांत. ऐकायला छान. पण एखाद्या पोराला गुन्ह्याच्या दिवशी परिणाम कळत होते का, हे काही महिन्यांनी खुर्चीत बसवून कसं ओळखायचं?

सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरला गेला. पोलिसांनी स्कूल बसच्या कंडक्टरला पकडलं. टीव्हीवर त्याचा निकाल लागूनही गेला होता. नंतर सीबीआय आली, कंडक्टर निर्दोष निघाला आणि त्याच शाळेतला १६ वर्षांचा विद्यार्थी ताब्यात आला. त्याला प्रौढ मानायचं का, हा वाद जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात पोचला आणि कोर्टानं पाहणी नव्यानं करायला सांगितलं. तोवर आरोपी २१ वर्षांचा होऊन गेला होता. पाच वर्षं तो मूल की मोठा, एवढंच ठरत होतं! ज्यांचं पोर गेलं त्यांनी या काळात काय केलं असेल, याचा विचारही करवत नाही.

आणि आपण बोलतो तेव्हा डोळ्यासमोर पोर्शे असते. आत असतात ती पोरं वेगळीच. सरकारी भाषेत त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. (हा शब्द उच्चारता येणं हीच एक शिक्षा आहे.) राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात अशी ३७,७८० मुलं ताब्यात घेतली गेली. त्यातली जवळजवळ ७९ टक्के १६ ते १८ वयाची. गुन्ह्यांची संख्या होती ३०,५५५, आधीच्या वर्षापेक्षा दोन टक्क्यांनी कमी. वाढतंय वाढतंय म्हणतो, पण आकडा त्या वर्षी तरी तसं सांगत नाही. पुण्यात कोयता घेऊन रील टाकणारी पोरं, मोठ्या गुंडांनी 'तुला काय होत नाय' म्हणून पुढे केलेली पोरं, ही या गर्दीत आहेत. बालन्याय कायद्यात जामीन हा नियम आणि आत ठेवणं अपवाद आहे. पण जामिनाचा कागद पुढे न्यायला घरचं कुणी लागतं, वकील लागतो. पोर्शेवाल्याकडे दोन्ही होतं.

परदेशातही या प्रश्नाचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या बाळाचा खून केला. दोघांवर मोठ्यांच्या कोर्टात खटला चालला आणि २००१ मध्ये दोघांनाही नवी नावं देऊन सोडलं. एक पुन्हा तुरुंगात गेला, लहान मुलांच्या अश्लील छायाचित्रांसाठी, एकदा २०१० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये. दुसऱ्याचं नाव नंतर कुठल्याच गुन्ह्यात ऐकू आलं नाही. गुन्हा तोच, शिक्षा तीच! अमेरिकेत तर राज्याराज्यांनी मुलांना मोठ्यांच्या कोर्टात ढकललं. सीडीसीनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, अशी मुलं बालन्यायालयात राहिलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त हिंसक गुन्हे करतात. मोठ्यांच्या तुरुंगात शाळा असते, फक्त अभ्यासक्रम वेगळा!

मग बदलायचं काय?

वय १६ वर आणू नये, या मताला मी आता आलेय. कँटीनमध्ये यावरून माझं थोडं भांडणही झालंय. पण आहे ते ठीक आहे, असंही मला वाटत नाही. माझा आक्षेप कॅलेंडरला आहे. मधल्या पायरीवरच्या मुलाला कमाल तीन वर्षं, आणि ती संपली की दार उघडतं. तो बदललाय का, हे विचारायची सोयच नाही. जी तपासणी निर्घृण गुन्ह्यात २१ व्या वर्षी होते, ती माणूस मेला असेल अशा प्रत्येक गुन्ह्यात सुटकेआधी का नको? आणि गरज पडली तर मुदत वाढवायचा अधिकार कोर्टाला का नको? अर्थात ही तपासणी म्हणजे नुसता फॉर्म व्हायचा नसेल तर मंडळांकडे चांगले मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि त्या तीन वर्षांत मुलाशी बोलणारं कुणीतरी हवं. 'सुधारलास का?' असं विचारायचं, तर आधी सुधारायची काही सोय केलेली हवी ना? आणखी एक, पालकांचं. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. पोर्शेच्या किमतीपुढे २५ हजार! त्या आकड्याकडे कुणीतरी बघायला हवं.

हे सगळं मी परवा त्या टेस्टिंगवाल्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझा कायदा झाला समज. त्या पोर्शेवाल्याला लागू होईल?"

नाही होणार. गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्यात होती त्याहून जास्त शिक्षा नंतर देता येत नाही, संविधानाच्या कलम २० मध्येच तसं आहे. त्याला जी काही व्हायची ती शिक्षा तीन वर्षांच्या आतलीच. आणि तो आता अठराच्या पुढे गेलाय.

"मग त्या दोघांच्या आई-बापांना काय सांगायचं?" तो म्हणाला. मला काही सुचलं नाही. त्यानं चहाचा कप उचलला आणि तो मीटिंगला गेला.