गुलाबाचा सुवास कोठें जातो?

फुलवाल्याकडून आणलेला लांब देठाचा तांबडा गुलाब फुलदाणींत ठेवला कीं दिवाणखान्याला शोभा येते. पण तेंच फूल नाकाशीं नेलें तर पुष्कळदां निराशा पदरीं पडते. उलट अंगणांतील देशी गुलाब रूपानें डावा, तरी सारें घर दरवळून टाकतो. दोन्ही गुलाबच, मग हा भेद कां?

तिळांत तेल असावें तसा सुवास फुलांत सांठवून ठेवलेला नसतो. फूल उमलूं लागलें म्हणजे पाकळीच्या पृष्ठभागावरील पेशी तो तयार करतात व तयार होईल तसा हवेंत सोडतात. त्यांत अनेक द्रव्यें मिसळलेलीं असतात. पैकीं जिरॅनिऑल हें एक प्रमुख होय. दहा कार्बन-अणूंच्या एका सांखळीच्या टोंकाला फॉस्फेटचे दोन गट जोडलेले असतात; ते सुटले कीं न उडणारें द्रव्य हलकें होऊन हवेंत मिसळतें. इतर पुष्कळ वनस्पतींत हें काम एकाच टप्प्यांत उरकतें, म्हणून गुलाबांतही तसेंच होत असावें अशी समजूत होती.

२०१५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं ‘पापा मेयाँ’ ही सुवासिक व ‘रूज मेयाँ’ ही जवळजवळ निर्गंध, अशा दोन जाती ताडून पाहिल्या आणि ही समजूत बदलली. गुलाबांत पहिला गट ‘न्यूडएक्स-१’ नांवाचें एन्झाइम तोडतें व दुसरा त्यानंतर सुटतो. या एन्झाइमाचे कित्येक भाईबंद इतर सजीवांच्या पेशींत अपायकारक द्रव्यें दूर सारण्याची चाकरी करतात. गुलाबाच्या घरीं मात्र केर काढणारा गडीच अत्तर गाळूं लागला आहे! सुवासिक जातींत या एन्झाइमाचें जनुक जोमानें काम करतें. निर्गंध जातींत तें जवळजवळ स्वस्थ बसलेलें असतें.

बाजारासाठीं नव्या जाती निपजवितांना रंग, घाट आणि टिकाऊपणा हे गुण कसून पाहिले गेले. सुवासाकडे तितकें लक्ष राहिलें नाहीं. जें पारखलें गेलें तें राहिलें; जें हुंगलें गेलें नाहीं तें निसटलें. तथापि सुवासिक जाती अद्याप नांदत आहेत, आणि त्यांच्याशीं संकर करून हा गुण पुन्हां आणतां येतो. गिऱ्हाइकानें फूल घेण्यापूर्वीं तें एकदां हुंगून पाहिलें, तर माळ्यालाही सुवासाची आठवण राहील.