स्वतःच्या अनुभवावरून नाट्यछटा कशी लिहायची?

पेपर लिहिताना आपण 'मी' पुसून टाकायला शिकतो. 'नमुने गोळा करण्यात आले', 'निरीक्षणे नोंदवण्यात आली'. कुणी केलं, तेव्हा त्याचं काय चाललं होतं, याला तिथे जागा नसते आणि नसावीही. पण पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत जे घडतं त्यातलं बरंचसं याच पुसलेल्या 'मी'चं असतं. ते सांगायचा एक चांगला मार्ग म्हणजे एकाच माणसाच्या तोंडचं नाट्यमय बोलणं. मराठीत दिवाकरांनी 'नाट्यछटा' नावाने हा प्रकार रुजवला.

आधी फरक समजून घ्या

स्वगतात पात्र स्वतःशी बोलतं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'सारख्या एकपात्री प्रयोगात एकच नट पन्नासहून अधिक पात्रं उभी करतो. नाट्यछटेत बोलणारा एकच, पण समोर कुणीतरी असतं आणि त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. इंग्रजीत रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' ही 1842 ची कविता याच जातीची. त्यातला ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीच्या चित्राविषयी पाहुण्याला सांगत असतो. तो स्वतःबद्दल जेवढं सांगू पाहतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त आपल्याला कळतं. या प्रकाराची सगळी ताकद या फरकात आहे.

लिहायला बसताना

1. एकच प्रसंग घ्या. 'माझा पीएचडीचा प्रवास' हा विषय नाही. 'घरून आलेला रविवारचा फोन' हा विषय आहे. स्पाल्डिंग ग्रे या अमेरिकन नटाने 'द किलिंग फील्ड्स' या 1984 च्या चित्रपटात छोटी भूमिका केली आणि त्या अनुभवावर 'स्विमिंग टू कंबोडिया' हा अख्खा प्रयोग उभा केला. टेबल, वही, पाण्याचा ग्लास असं मोजकंच नेपथ्य. अनुभव छोटा असला तरी चालतो, तो नेमका हवा.

2. ऐकणारा ठरवा. तीच गोष्ट गाइडला, रूममेटला आणि वडिलांना सांगताना तुमचे शब्द बदलतात. ऐकणारा ठरला की भाषा आपोआप ठरते.

3. बोलणाऱ्याला काहीतरी हवं असू द्या. आणि ते त्याला सरळ मागता येत नसू द्या.

समजा, पाचव्या वर्षातली एक मुलगी लॅबमधून बोलतेय:

'हो बाबा, जेवले. … आत्या काय म्हणाली? अजून शिकतेच आहे का? सांगा तिला, हो, शिकतेच आहे. … नाही हो, पैसे नकोत. फेलोशिप येईल या महिन्यात. … तो आवाज? मशीन आहे, रात्रभर चालू असतं. … थीसिस ना? लिहितेय. … अहो नाही, रडत कशाला? एसी फार आहे इथे.'

इथे 'मी थकलेय' असं वाक्य कुठेच नाही. फेलोशिप रखडलीय हेही तिने सांगितलेलं नाही. तरी ते पोचतं, कारण बाबांचे प्रश्न आपण तिच्या उत्तरांवरून ओळखतो. भावनेचं नाव लिहावंसं वाटलं की थांबा आणि त्या जागी वस्तू, आवाज किंवा उडवाउडवीचं उत्तर टाका.

खरं किती ठेवायचं?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न जड जातो, कारण डेटा बदलणं हा आपल्याकडे गुन्हाच आहे. नाट्यछटेत तीन फोनचा एक फोन करता येतो, आत्याची मावशी करता येते. पण मग तिला 'जसं घडलं तसं' म्हणून खपवू नका. आणि ऑटोएथ्नोग्राफी, म्हणजे स्वतःच्या अनुभवाला संशोधनाची सामग्री मानणारी पद्धत, वापरणार असाल तर काय बदललं आणि का, याची नोंद ठेवा. त्या पद्धतीत तुमचं लेखन पुरावा म्हणून वाचलं जातं.

दुसरा प्रश्न इतरांचा. अनुभव तुमचा असला तरी त्यात गाइड असतात, लॅबमेट असतात, घरचे असतात. त्यांनी तुमच्या लेखनात यायला होकार दिलेला नसतो. लॅब छोटी असेल तर नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. अशा वेळी ओळखीच्या खुणा बदला, नाहीतर त्यांना आधी वाचायला द्या. अप्रकाशित निकाल तर नाट्यछटेतही नकोत.

शेवटी मोठ्याने वाचा

मनात वाचून उपयोग नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे तुम्ही व्याख्यान देताय असं वाटतं, तिथे समोरचा माणूस तुमच्या डोक्यातून निघून गेलाय. त्याला परत आणा. त्याने मध्येच काय विचारलं असतं ते आठवा, त्याचं उत्तर लिहा आणि प्रश्न गाळून टाका.

हा सराव पुढे व्हायव्हातही कामाला येतो. समोरचा नक्की काय विचारतोय हे ओळखून बोलण्याची सवय लागते. आणि जे घरी सांगता येत नाही, ते निदान कागदावर तरी बोलून होतं.