जुनी जीप आणि दोन जातींचे पाने

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हातात पाना धरावा, ही गोष्ट पुष्कळांना विनोदी वाटते. वर्गात आम्ही काव्यातील रसांची चर्चा करतो आणि सुटीत घरी गेलो की गाडीखाली आडवे पडून कुठून कोणता रस गळतो ते पाहतो, असे माझे मित्र म्हणतात. थट्टा सोडून दिली तरी एक गोष्ट खरी : जुनी जीप दुरुस्त करताना कार्यकारणभाव जितका स्पष्ट कळतो, तितका तो क्वचितच दुसरीकडे कळतो. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना दोन चेहरे आहेत. पूर्वेला नारायणगाव, मंचर अशी बागायती गावे, टोमॅटो-कांद्याचे बाजार आणि पुणे-नाशिक रस्ता. पश्चिमेला सह्याद्री, भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि धो धो पाऊस. माझे आजोळ डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहे. तिथे मामांकडे ऐंशीच्या दशकातील एक एम. एम. ५४० जीप आहे. भाताची पोती, लग्नाचे वऱ्हाड आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, सारे काही तिने वाहिले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, ही मोठीच सोय झाली. परंतु ओढ्याला पाणी आले, रस्त्यावर दरड आली, की वाडीतून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघायला हाताशी असेल तेच वाहन उपयोगी पडते. अशा वेळी ते चालू होणे आणि उतारावर थांबणे, या दोन्ही गोष्टी जिवाच्या ठरतात.

या गाडीचे कुळ मोठे गमतीचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विलीज जीपची जोडणी महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला सुरू केली. पुढे डिझेलचे दिवस आले, आणि फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने बनवलेले एक्स. डी. पी. ४.९० हे इंजिन या जीपमध्ये बसू लागले. नावातच त्याचे माप आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण क्षमता २११२ घन सेंटिमीटर. परिणामी सांगाडा अमेरिकन वळणाचा आणि काळीज फ्रेंच. सांगाड्याचे पुष्कळसे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे, तर इंजिनाचे मिलिमीटरच्या. म्हणून आमच्या पेटीत दोन जातींचे पाने आहेत. इंचाच्या बोल्टला जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावला की कडा झिजतात आणि पुढच्या वेळी छिन्नी-हातोडी घ्यावी लागते. घरगुती दुरुस्तीचा पहिला धडा हाच : बसेल तो पाना नव्हे, नेमका पाना.

दुसरा धडा पाहण्याचा. काळा धूर निघाला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. बहुधा एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. सकाळी थंड इंजिनातून थोडा पांढरा धूर येणे साहजिक. पण गरम झाल्यावरही तो राहिला तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे, असा संशय घ्यावा. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधी दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, गाडी चालवू नये. आणि इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते.

आता मुख्य मुद्दा. द्रव दाबला तर त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. हवा मात्र सहज दाबली जाते. शाळेत शिकलेले हे एवढेच वाक्य नीट ध्यानात ठेवले, तर जीपच्या दोन मोठ्या दुरुस्त्या समजतात.

पहिली डिझेलची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा वीस पटींहून अधिक दाबली जाते, ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेट घेते. हा फवारा उडण्यासाठी नळीतला दाब वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक असावा लागतो. टाकी रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. मग पंप ढकलतो, हवा नुसती आकसते आणि फवारा उडत नाही. आमच्याकडे याला ‘गाडीने एअर धरली’ म्हणतात. उपाय सोपा : फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा आणि हातपंप मारीत राहावे. आधी फेस येतो. बुडबुडे थांबून स्वच्छ धार लागली की ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. मात्र इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या नळीपाशी हात नेऊ नये; तो बारीक फवारा कातडीत शिरू शकतो.

दुसरी ब्रेकची. पायाचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चारही चाकांपर्यंत जातो. त्यात हवा असली की पेडल स्पंजासारखे लागते. शिवाय हे ऑइल वातावरणातील ओल शोषून घेते. माळशेज घाटासारख्या लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ऑइलमधील पाण्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. पेडल खाली जाते, गाडी थांबत नाही. म्हणून ऑइल ठरावीक काळाने बदलावे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून आरंभ करावा आणि जवळच्या चाकाशी संपवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल उघडून बंद करावा, मगच पेडल सोडावे. मामा पेडलवर आणि मी चाकाशी, अशी आमची वाटणी असते. तसेच ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. त्याने ब्रेकचा बराच भार इंजिन उचलते.

सुधारणांविषयी दोन शब्द. हल्ली जुन्या जीपला मोठे टायर, उंच पाटे आणि झगमगीत दिवे लावण्याची हौस वाढली आहे. मामांनी गाडी घेतली तेव्हा तिलाही असेच मोठे टायर होते. चाक मोठे झाले की तेवढ्याच ब्रेकने ते थांबवणे कठीण जाते आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवतो. आम्ही मूळ मापाचे टायर बसवले आणि वाचलेल्या पैशांत ब्रेकच्या रबरी नळ्या, व्हील सिलिंडर आणि पाट्यांचे बुश नवे घातले. गाडीची ऐट गेली, भरवसा आला. कायदाही इथे आठवावा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच बजावले आहे. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. त्यासाठी गाडी तपासणीत उतरली पाहिजे.

मग घरी काय करावे आणि काय करू नये? ग्रीस भरणे, ऑइल, फिल्टर व फॅनबेल्ट बदलणे, एअर काढणे ही कामे घरची. इंजेक्शन पंपाचे सील तोडणे, सांगाड्याला वेल्डिंग करणे, स्टिअरिंगचे भाग ठोकून सरळ करणे ही कामे कसबी कारागिराचीच. आपली मर्यादा ओळखणे हाही कारागिरीचाच भाग होय.

शेवटी एक विचार. हे सारे शहाणपण आज पन्नाशी-साठी उलटलेल्या मिस्त्रींच्या बोटांत आहे. नव्या गाड्यांचा दोष संगणक सांगतो. जुनीचा दोष कानाने ऐकावा लागतो. ‘पाटा बसला’, ‘एअर धरली’ असे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, पण आपल्या शब्दकोशांत ते शोधावे लागतात. त्यांच्याकडून हे काम शिकून घेणे आणि ते मराठीत नीट लिहून ठेवणे, एवढे तरी कला शाखेच्या विद्यार्थ्याला करता येईल. त्यासाठी हात काळे झाले तर बिघडले कोठे? साबणाने ते निघतात.